पान भरल्याशिवाय उठायचं नाही

१ एप्रिल, मंगळवार. दुपारी २.१०

नवी वही. एका पानावर चोवीस ओळी, मोजल्या. नियम एकच: रोज एक पान भरल्याशिवाय खुर्चीवरून उठायचं नाही. मोठे लेखक असंच करतात, मी व्हिडिओ बघितलाय.

कादंबरी लिहायला घेतलीय. मराठीत! इंग्लिशमध्ये दोन आठवड्यांत झाली असती, पण मातीचा फील मराठीतच येतो. एका प्रकाशकांची नवीन लेखकांसाठी स्पर्धा आहे, लास्ट डेट तीस एप्रिल. म्हणजे भरपूर वेळ आहे.

विषय: कामगाराचा मुलगा. त्याला कुणी समजून घेतलं नाही. माझी कादंबरी त्याची खरी आयडेंटिटी जगासमोर आणणार. मॉडेल माझ्या डोळ्यांसमोर आहे, आमच्या शाळेतला टॉवेल.

टॉवेल म्हणजे मुलगा. आरटीईच्या कोट्यातून फुकट ॲडमिशन मिळालेला. वडील टॉवेलच्या कारखान्यात लूमवर, म्हणून टॉवेल. सातवीत त्यानं बायॉलॉजी लॅबमधल्या सांगाड्याची कवटी चोरली आणि शाळा सुटली. सगळे म्हणाले चोर. माझी कादंबरी म्हणणार, चोर नाही, परिस्थिती. किती डीप आहे हे. लिहिताना माझ्याच अंगावर काटा आला.

मम्मी किचनमधून ओरडतेय, माळ्यावरून कुरडयांचं मोठं पातेलं काढून दे. उद्या देतो म्हटलं.

पान अजून अर्धं आहे. पण पातेल्यामुळं मूड गेला. उठतो.

२ एप्रिल, बुधवार

हिरोचं नाव ठरत नाही. टॉवेलचं खरं नाव आठवत नाहीये. सात वर्षं एका वर्गात होतो. पण आमच्या मिस हजेरी रोल नंबरनं घ्यायच्या, त्याला मी काय करणार? त्याचा नंबर एकतीस. माझा अठ्ठावीस.

नाव ठेवलं किसन. किसन म्हटलं की गरिबी लगेच कळते.

पातेलं राहिलं. मम्मीला म्हटलं मला डस्ट ॲलर्जी आहे. ती म्हणाली, कधीपासून? मी म्हटलं, सातवीपासून.

५ एप्रिल, शनिवार

पहिल्या तीन चॅप्टरची वही (ही नाही, कादंबरीची वेगळी) भवानी पेठेत डीटीपीला देऊन आलो. मला मराठी टायपिंग येत नाही. आणि हातानं लिहिण्यात एक वेगळीच ऑथेंटिसिटी असते.

दुकान म्हणजे एक काउंटर, मागं एक कॉम्प्युटर, प्रिंटरवर धूळ. मालक अण्णाराव. ऑपरेटर कॉम्प्युटरकडं तोंड करून बसतो, आपल्याला दिसते ती मान, दोन कान आणि कानांवर हेडफोन. एकदाही वळला नाही. अशा माणसांना साहित्याशी काही देणंघेणं नसतं. नुसती बोटं.

अण्णाराव म्हणाले, या की लेखक, बसा. लग्नपत्रिका का? मी म्हटलं, कादंबरी. ते म्हणाले, असू द्या, ती पण करतो की आपण. मग पद्धत समजावली. वही त्यांच्याकडं राहणार. प्रूफ आलं की वाचायचं, चूक असेल तिथं लाल पेन, आणि प्रत्येक पानाखाली 'ओके' लिहून सही. सही केल्यावर चूक तुमची, आमची न्हाय, असं दोनदा सांगितलं. रजिस्टरमध्ये नाव, फोन, पत्ता लिहून घेतला.

नाव लिहिताना ऑपरेटरचा कीबोर्ड थांबला होता. लाइट गेली असेल.

९ एप्रिल, बुधवार. दुपारी ३

बेचाळीस डिग्री. बाहेर कुत्रंसुद्धा नाही.

पहिलं प्रूफ आणलं. दुकानात उभ्याउभ्याच सगळ्या पानांवर ओके केलं. स्वतःचं लिहिलेलं परत काय वाचायचं?

घरी येऊन सहज पान अकरा बघितलं. मी लिहिलं होतं, झोपडीत चिमणी मिणमिणत होती आणि किसन तीन दिवस उपाशी होता. प्रूफमध्ये आहे:

घरात ट्यूबलाइट होती, एका बाजूनं काळी पडलेली. देव्हारा नव्हता. बुद्धाची मूर्ती होती, बाबासाहेबांचा फोटो होता आणि खाली पुस्तकांचं कपाट. संध्याकाळी आप्पांच्या कानात लूमचा आवाज राहिलेला असायचा, म्हणून ते जेवताना मोठ्यानं बोलायचे. भाकरी, शेंगाची चटणी, टीव्ही. उपाशी कुणी नव्हतं.

हे मी कधी लिहिलं?

वही दुकानात, त्यामुळं चेक करता येत नाही. म्हणजे फ्लोमध्ये लिहिलं असणार. लेखकाला नंतर आठवत नाही, ही क्वालिटी आहे. फोन करून मनालीला वाचून दाखवलं. मनाली माझ्या कॉलेजात आहे, तिचं मराठी चांगलंय. ती म्हणाली, एवढंच बरं आहे, बाकीचं कुणी लिहिलंय?

जेलस.

१२ एप्रिल, शनिवार

दुसरा लॉट. यावेळी घरी येऊन वाचला.

माझं वाक्य पक्कं आठवतंय: किसनला स्वच्छतेची आवड होती, लॅबची टेबलं तो हौसेनं पुसायचा. प्रूफ:

हौस नव्हती. वर्गात एकेचाळीस मुलं होती, मिसनी टेबलं पुसायला त्यालाच सांगितलं. टॉवेलसुद्धा घरूनच आणायला सांगितला, तुझ्याकडं तर भरपूर असतील म्हणाल्या, मुलं हसली. नाव त्या दिवशी पडलं. दर शुक्रवारी तो ओला टॉवेल दप्तरात घालून नेत असे. शनिवारी त्याची पुस्तकं ओली असायची.

वाचत असताना खोलीत वास आला. ओल्या टॉवेलचा, दोन दिवस बंद राहिलेल्या. मी सगळीकडं बघितलं. बाथरूम कोरडं. बाल्कनीत कपडे कडकडीत वाळलेले.

हसलो मीसुद्धा होतो का तेव्हा? सगळेच हसले असतील तर मी एकटाच गप्प कसा बसणार.

१४ एप्रिल, सोमवार. दुपारी ३.२०

माळ्यावर काहीतरी वाजतंय. खट. मग बराच वेळ काही नाही. मग खट, खट.

मम्मी म्हणते उंदीर. म्हणते, पातेलं काढायला चढशील तेव्हा बघ की. मी म्हटलं, आज सुट्टीचा दिवस, उंदीर डिस्टर्ब नको करायला. 

उद्यापासून टाइमटेबल. सहाला उठणे, प्राणायाम, दोन हजार शब्द. दुपारी लिहायचं नाही. दुपारी लिहिताना समोरच्या खुर्चीवर कुणीतरी बसलंय असं वाटतं.

१५ एप्रिल, मंगळवार

पावणेदहाला उठलो. शब्द: चौदा.

१७ एप्रिल, गुरुवार

तिसऱ्या लॉटमध्ये कहर. किसन गेला. जिथं जिथं 'तो' होता तिथं 'मी' आहे. मी दप्तर उचललं. मी लॅबमध्ये एकटा होतो. मला चिंतामणीची भीती वाटत नसे.

चिंतामणी म्हणजे तो सांगाडा. नाव आम्ही ठेवलं होतं. खालचा जबडा स्प्रिंगवर, धक्का लागला की वाजायचा. चिंतामणी सर रागावले, म्हणायचो आम्ही.

पण हे मी कादंबरीत लिहिलेलंच नाही! चिंतामणी हे नाव मी कुठंही लिहिलेलं नाही. ही शंभर टक्के खात्री.

शांत विचार केला. निष्कर्ष: पात्र जिवंत झालंय. मोठमोठ्या लेखकांच्या इंटरव्ह्यूमध्ये असतं हे, पात्र लेखकाचा हात धरून लिहितं. माझ्या बाबतीत पहिल्याच कादंबरीत झालं. अठरा वर्षं वय. प्रकाशकांना पत्रात हे लिहायचं का?

हात थंड पडलेत. बाहेर बेचाळीस आहे.

१८ एप्रिल, शुक्रवार

आज मेन चॅप्टर. कवटीचा. सकाळपासून बसलोय. वाक्य: त्या शुक्रवारी किसननं कवटी चोरली, कारण

कारण पुढं येत नाही.

पंखा फिरतोय तसं माळ्यावर खट, खट. पंखा बंद केला. घामानं वही ओली झाली. पंखा लावला.

शेवटी वहीत तेवढं एक वाक्य ठेवून पुढची आठ पानं कोरी सोडली आणि दुकानात देऊन आलो. अण्णारावांना सांगितलं, हे नंतर भरणार, बाकीचं टाइप करून ठेवा. ते म्हणाले, कोरं पण देतात व्हय आता टायपिंगला? आणि मागं वळून ऑपरेटरला म्हणाले, ऐकलं का रे, आठ पानं कोरी. मान हलली. हेडफोन कानांवर नव्हता, गळ्यात होता.

२१ एप्रिल, सोमवार. दुपारी ४

घाईत लिहितोय, अक्षर बिघडलं तर बिघडू दे.

प्रूफ आणायला गेलो. अण्णारावांनी गठ्ठा पुढं केला. शेवटी, त्या अर्ध्या वाक्याच्या पानापासून, नऊ पानं होती. भरलेली. मी म्हटलं, इथं तर कोरं होतं. ते म्हणाले, मला काय ठावं, आलं तसं छापलं.

तिथं वाचायची हिंमत झाली नाही. नऊच्या नऊ पानांवर ओके, सही, ओके, सही. शेवटच्या पानावर पेन चालेना तर दोनदा गिरवली. एक सेट त्यांनी ठेवला, एक घेऊन पळत बाहेर आलो. रिक्षात वाचलं. पान सत्त्याऐंशी:

शुक्रवार होता. मी टेबलं पुसत होतो. राजस परत आला. म्हणाला, वर्गातल्या अजिंक्यच्या सोसायटीत हॅलोविनची पार्टी आहे, दोन दिवस चिंतामणीचं डोकं पाहिजे. सोमवारी प्रेयरच्या आधी आणून ठेवतो, प्रॉमिस. मी म्हटलं, उघडं कसं नेणार? टॉवेल मीच दिला. त्यानं गुंडाळलं. जिन्यात जबडा वाजला तेव्हा आम्ही दोघंही हसलो. शाळेत माझ्याबरोबर कुणी हसलं ते तेवढंच.

सोमवारी मी लॅबच्या दारात उभा होतो. तो आला नाही. मिसनी विचारलं, शुक्रवारी शेवटी लॅबमध्ये कोण होतं? मी होतो. म्हटलं, उद्या सांगतो. मंगळवारीही तो आला नाही. आप्पांना कारखान्यातून बोलावलं. मी म्हटलं, अजून एक दिवस थांबा. आप्पांनी सगळ्यांसमोर मारलं. त्याआधी त्यांनी मला कधी मारलं नव्हतं. बुधवारी मी शाळेत नव्हतो.

राजस हे माझं नाव आहे.

तर आता फॅक्ट्स. त्या आठवड्यात मला ताप होता. नाइंटी नाइन पॉइंट टू. मम्मीला विचारा. तापात माणूस शाळेत जाऊ शकत नाही. मी बरा होऊन गेलो तेव्हा तो मुलगा शाळेत नव्हताच, मग कुणाला काय सांगणार? आणि कवटी परत नेऊन ठेवली असती तर मीच चोर ठरलो असतो, जे सत्य नाही. मी ती दोन दिवसांसाठी घेतली होती.

शिवाय हॅलोविनची पार्टी पण फ्लॉप झाली.

एडिटर म्हणून बघितलं तर हा चॅप्टर कट करावा लागेल. पेस कमी होतो.

लिहिलंय मात्र चांगलं.

२२ एप्रिल, मंगळवार

गेलो होतो. चॅप्टर डिलीट करा म्हणून सांगायला.

अण्णाराव म्हणाले, ओके केलाय की तुम्ही. सही केल्यावर चूक तुमची. मी म्हटलं, पण ही पानं टाइप केली कुणी? ते म्हणाले, कोण म्हणजे? ऑपरेटर हाय की. यशपाल, जरा बघ रे, लेखक काय म्हणतेत. आणि चहा सांगायला गेले.

यशपाल.

आत्ता आठवलं. प्रोग्रेस कार्डावर असायचं.

तो वळला. दाढी आहे. चष्मा आहे. बाकी तोच. म्हणाला, अठ्ठावीस ना तू? मी म्हटलं, तू एकतीस. तो म्हणाला, व्हय.

मग म्हणाला, किसन? मी किसन दिसतो का बे तुला? आणि हसला. मला वाटलं मारेल, हसला. म्हणाला, सोलापुरातल्या निम्म्या पीएचड्या मी टाइप केल्यात, सगळ्यांच्या चुका दुरुस्त करतो, पण तुझ्याइतकं काम कुणी लावलं नाही.

मी विचारलं, पहिल्या दिवशीच का नाही बोललास? तो म्हणाला, बघत होतो तूच लिहितोस का. लिहिशील वाटलं. मग तू आठ पानं कोरी पाठवलीस. दोन दिवस तशीच ठेवली होती मी, परत न्यायला येशील म्हणून.

मी म्हटलं, आपण हे फ्रंट पेजवर अर्पण करू. टू यशपाल. तो म्हणाला, अर्पण नको, एक काम कर.

त्याचे आप्पा, त्रिंबक त्यांचं नाव, अजून त्याच कारखान्यात लूमवर आहेत. आणि रोज संध्याकाळी हा घरी गेला की याच्या बॅगेत हात घालतात. डबा बघतो म्हणतात. सात वर्षं झाली. डबा तर हा स्वतःच काढून मोरीत ठेवतो, तरी बघतात. चोरीबद्दल एका शब्दानं कधी बोलत नाहीत, फक्त हात घालतात. तो म्हणाला, तेवढं बंद झालं पाहिजे.

मी म्हटलं, मग हे पान त्यांना दाखव, खाली माझी सही आहे. तो म्हणाला, दाखवलं असतं की. पण आप्पा म्हणतील, टायपिंग तर तूच करतोस. मी कागदावर काय आणलं तर ते माझंच. तू तोंडानं सांग.

मी म्हटलं, उद्या येतो.

तो कॉम्प्युटरकडं वळला. हेडफोन उचलला. मग मीच म्हटलं, रविवारी. रविवारी त्यांची सुट्टी. सकाळी दहाला, घरी, चिंतामणीसकट. प्रॉमिस.

प्रॉमिस हा शब्द वापरायला नको होता.

२३ एप्रिल, बुधवार

एकदम हलकं वाटतंय. कादंबरीला खरा एंड मिळाला! लेखक स्वतः कामगाराच्या घरी जातो. फोटो काढायचा का? नको. एखादा.

रविवारचा प्लॅन: पांढरा कुर्ता. शब्द साधे. त्यांच्या लेव्हलला जाऊन बोलणे. डोळ्यांत पाणी आलं तर थांबवायचं नाही.

२४ एप्रिल, गुरुवार. दुपारी ३

माळ्यावर चढलो. पातेलं काढलं. मम्मी इतकी खूश झाली की तिनं विचारलंच नाही, दुसऱ्या हातात काय आहे.

दार लावून गाठोडं सोडलं. निळ्या काठाचा टॉवेल, गाठ मीच मारलेली. आत चिंतामणी. उंदीर बिंदीर काही नव्हता. पंखा फिरला की स्लॅब हलतो आणि जबडा वाजतो, एवढंच. सायंटिफिक कारण आहे.

आठवत होतं त्यापेक्षा खूप लहान आहे. प्लॅस्टिकचं. मागं किमतीचं स्टिकर तसंच. यासाठी.

टॉवेलला अजून वास आहे.

२५ एप्रिल, शुक्रवार

चिंतामणीला टेबलावर ठेवून रिहर्सल. भाषण अकरा मिनिटांचं झालंय. सुरुवात शिक्षणव्यवस्थेपासून, मग इंग्लिश मीडियम शाळांमधलं वातावरण, मग बालमन. 'कवटी मी नेली' हे नवव्या मिनिटाला येतं.

मनालीला फोनवर ऐकवलं. तिला सगळं खरं सांगितलं, म्हणजे बरंचसं. ती म्हणाली, नऊ मिनिटं कशाला, तेवढंच बोल की आणि ये घरी. मी म्हटलं, अगं, कॉन्टेक्स्ट नको का? ती म्हणाली, त्या माणसाला कॉन्टेक्स्ट नकोय राजस, त्याला बॅगेत हात घालायचा थांबवायचाय. आणि ठेवलाच फोन.

२६ एप्रिल, शनिवार. दुपारी

फक्त तेवढं वाक्य प्रॅक्टिस करतोय. तीन शब्द.

इंग्लिशमध्ये येतं. मराठीत 'कवटी' येतं, 'मी' येतं, 'नेली' येतच नाही. आरशासमोर केलं. नळ सोडून केलं. चिंतामणीकडं बघून केलं तर जबडा खाली पडल्यासारखा दिसतो, हसतोय असं वाटतं, म्हणून त्याच्यावर टॉवेल टाकला. टॉवेल टाकल्यावर तर कुणीतरी अंगावर पांघरूण घेऊन बसलंय असं दिसायला लागलं.

पाणी पिऊन आलो. उद्या आपोआप येईल. प्रसंग समोर आला की शब्द येतात.

२७ एप्रिल, रविवार. सकाळी ८.३०

अंगात कणकण.

९.१५

नाइंटी एट पॉइंट नाइन.

९.४०

चहा पिऊन लावला. नाइंटी नाइन पॉइंट टू! मम्मी म्हणाली, चहानंतर लावल्यावर काय होणार? पण आकडा आकडा असतो. त्याच्या घरी वयस्कर माणूस आहे, इन्फेक्शन न्यायचं का? रिस्पॉन्सिबिलिटी म्हणून एक गोष्ट असते.

यशपालला मेसेज केला: ताप आहे, पुढच्या रविवारी नक्की. दोन्ही टिक्स निळ्या झाल्या. उत्तर नाही.

चिंतामणीला गुंडाळून उशीखाली ठेवलं. पडून लिहितोय.

११.२०

बेल वाजली. आधी वाटलं दूधवाला. दूधवाला इतका वेळ बसत नाही.

हॉलमध्ये दोघं आहेत. यशपालचा आवाज नाही, पण दुसऱ्याचा आहे, मोठा, समोरचा लांब उभा असल्यासारखा. मम्मी म्हणतेय, हळू बोला, तो झोपलाय. तो माणूस म्हणतोय, कानाला सवय झालीय ओ ताई, लूमवर असतो मी.

म्हणतोय, तुमच्या पोराला ताप हाय म्हणून आमचं पोरगं म्हणालं. मी म्हटलं, मग त्यानं कशाला यावं, आपणच जाऊन बघून येऊ की. मोसंबी आणल्यात. रस काढून द्या, साखर नका घालू.

मम्मी म्हणाली, अहो कशाला एवढं. राजसनं कधी सांगितलं नाही शाळेतला मित्र आहे म्हणून.

तर त्या माणसाची खुर्ची सरकली. मग म्हणाला, कसा सांगंल. आमच्याकडनं तवा चूक झाली, ताई. पोरानं शाळेतली वस्तू उचलली. लई वर्षं झाली, पण मला अजून त्या रस्त्यानं जाववत न्हाय. त्यानंतर त्या शाळेतलं एक पोर आमच्या दारात आलं न्हाय. तुमचा पोरगा रविवारी घरी येतो म्हणाला, तर मला रात्रभर बरं वाटलं. चांगलं वळण लावलंय तुमी त्याला.

यशपाल काहीच बोलत नाहीये. त्याला सगळं एका वाक्यात सांगता आलं असतं. सांगत नाहीये. सातवीत पण असाच थांबला होता.

मम्मी आत आली. कपाळाला हात लावला. म्हणाली, अंग तर थंड आहे रे. उठ, भेट त्यांना, लांबून आलेत उन्हाचे. मी म्हटलं, हे पान संपलं की उठतो, नियम आहे. ती गेली.

चार ओळी उरल्यात. आज पहिल्यांदा नियम पाळतोय.

कूस बदलताना उशीला कोपर लागलं. आत जबडा वाजला, खट, केवढ्यानं. बाहेरचं बोलणं थांबलं. आप्पा म्हणाले, काय वाजलं रे?

यशपाल म्हणाला, चिंतामणी.

एक ओळ उरली होती, ती ही.